किल्ली सोडली की पेटते, पावसात चढावर मरते: जुन्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन घातल्यावर परत परत येणारा दोष

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात मारुतीच्या जुन्या कार्बोरेटरच्या जिप्सीत नवं इंजिन घालून घेणारे बरेच जण आहेत. कारण सरळ आहे. १९८५ ची ती पहिली जिप्सी म्हणजे एमजी४१०, ९७० सीसीचं एफ१०ए इंजिन, जेमतेम ४५ हॉर्सपॉवर. चोर्ला घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढायचं म्हटलं की दुसऱ्या गिअरला जीव जातो. २००० नंतरच्या जिप्सी किंगचं जी१३बीबी, १३०० सीसी, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलेंडरला इंजेक्टरनं पेट्रोल देणारं) इंजिन ८० हॉर्सपॉवर देतं. बॉडी तीच, चेसिस तसंच, आणि ताकद जवळजवळ दुप्पट. दोन्ही इंजिनांचं घराणं वेगळं असल्यामुळं बहुतेक जण मागचा पाच गिअरचा बॉक्सही किंगचाच घेतात. माउंट, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, सायलेन्सर ही कामं बेळगावच्या उद्यमबागेत करून देणारे हात आपल्याकडं चांगले आहेत. तिथं कुणाचं फारसं अडत नाही.

अडतं ते वायरिंगवर, आणि तेही पहिल्या दिवशी नाही. गाडी चालू होते, पेढे वाटून होतात आणि महिन्याभरात तक्रार येते. तक्रारी ठरलेल्या आहेत. सेल्फ मारत राहिलं तर पेटत नाही, किल्ली सोडताना मात्र पटकन पेटते. गरम झाल्यावर मधेच बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप चालू होते. पावसात झटके देते. हेडलाईट लावली की आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा संथ वेग, हलतं. मग एक सेन्सर बदलला जातो, आठवडाभर बरं वाटतं, परत तेच. दुसरा सेन्सर, मग कॉइल, मग पेट्रोल पंप, शेवटी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं आहे, आणि अशा गाड्या माझ्यापर्यंत येतात तेव्हा मालकाच्या हातात बदललेल्या पार्टची पिशवी असते. त्या पिशवीतले निम्म्याहून जास्त पार्ट चांगलेच असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहितो.

परत परत येणारा दोष असेल तर ईसीयू आणि सेन्सर सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते ईसीयूला करंट कुठून येतो आणि परत कुठून जातो. म्हणजे फीड आणि अर्थ. जुनं वायरिंग आणि नवं वायरिंग जिथं एकमेकांना भेटतात, दोष तिथंच सापडतो.

कार्बोरेटरच्या इंजिनाला चालायला लागतं काय? कॉइलला तीन-चार अँपिअर. पेट्रोल पंप यांत्रिक, कॅमवर चालणारा. सेल्फ मारताना बॅटरी नऊ व्होल्टवर आली तरी ते पेटतं, आणि अर्थ थोडी ढिली असली तरी कुरकुर करत चालतं. त्याच गाडीत एमपीएफआय आलं की इलेक्ट्रिक पंप एकटाच चार-पाच अँपिअर घेतो. वर इंजेक्टर, कॉइल, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर, आयडल व्हॉल्व्ह आणि खुद्द ईसीयू. हा सगळा भार पस्तीस वर्षांपूर्वीच्या इग्निशन स्विचवर आणि डॅशबोर्डखालच्या कडक झालेल्या वायरवर टाकला तर तो किती दिवस झेपणार?

किल्ली सोडताना पेटते, त्याचा अर्थ

हा दोष ओळखायला सगळ्यात सोपा, तरी सगळ्यात जास्त पैसे यातच जातात. किल्लीच्या स्विचला मागं चार मुख्य टोकं असतात: बॅटरी, अ‍ॅक्सेसरी, इग्निशन, स्टार्टर. किल्ली स्टार्टवर नेली की अ‍ॅक्सेसरीचा करंट तुटतो. रेडिओ, ब्लोअर बंद होतात, कारण सगळी ताकद सेल्फला मिळावी अशी ती योजना आहे. इग्निशनचा करंट मात्र स्टार्टवरसुद्धा चालू राहायला हवा. वायरिंग करणाऱ्यानं टेस्ट लॅम्प लावून ‘किल्ली ऑन केली की इथं करंट येतो’ एवढंच बघितलं आणि ईसीयूची फीड अ‍ॅक्सेसरीवरून घेतली, तर सेल्फ फिरतो तेवढा वेळ ईसीयू मेलेला. किल्ली मागं येताना क्षणभर ईसीयू जागा होतो, इंजिन अजून फिरत असतं, आणि पेटतं. थंडीत ते क्षणभर पुरत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तक्रार वाढते.

दुसरी शक्यता म्हणजे फीड जुन्या कॉइलच्या वायरवरून घेतलेली आहे. ज्या गाडीच्या कॉइलला बॅलास्ट रेझिस्टन्स आहे तिथं त्या वायरीत मुद्दामच व्होल्टेज कमी केलेलं असतं. कॉइल काढून तीच वायर ईसीयूला जोडली की ईसीयूला कायमच उपाशी ठेवल्यासारखं.

तपासायचं असं. मल्टिमीटरची लाल पिन ईसीयूच्या फीड वायरमध्ये, काळी पिन थेट बॅटरीच्या मायनस पोलवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. चांगल्या बॅटरीवर सेल्फ फिरताना दहाच्या आसपास दिसायला हवं. शून्य आलं तर फीड अ‍ॅक्सेसरीवर आहे. आठ-साडेआठ आलं आणि त्याच वेळी बॅटरीच्या पोलवर मात्र दहा आहे, तर मधल्या वाटेत दीड-दोन व्होल्ट खाल्ले जातायत.

इथं टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवू नका. आठ व्होल्टलाही बल्ब पेटतो, आणि डोळ्याला फरक कळत नाही.

वायरच्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. सुझुकीत काळी-पांढरी पट्टीची वायर साधारण इग्निशनची, काळी-पिवळी स्टार्टरची, नुसती काळी अर्थची, हे बरोबर. पण पस्तीस वर्षांत किती मिस्त्रींचे हात लागले असतील? आधीच्या मालकानं फॉग लॅम्पला, हॉर्नला, टेपला जोडलेल्या वायरी त्यात मिसळलेल्या असतात. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीत तर असे स्विच सापडतात की ते कशासाठी होते हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. प्रत्येक वायर मीटरनं सिद्ध करायची, मगच जोडायची.

उपाय एकच आहे आणि तो स्वस्त आहे. ईसीयूची ताकद किल्लीतून आणायचीच नाही. बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, तिथून मेन रिलेच्या (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून ईसीयू, इंजेक्टर, कॉइल. किल्लीच्या इग्निशन टोकावरून फक्त रिले ओढण्यापुरता आणि ईसीयूला ‘किल्ली ऑन आहे’ हे कळण्यापुरता करंट घ्यायचा, तो अर्धा अँपिअरही होत नाही. सुझुकीच्या बऱ्याच ईसीयूंत मेन रिलेचा ८५ नंबर ईसीयू स्वतः अर्थ करतो. तुमच्याकडच्या ईसीयूत तसं असेल तर तसंच ठेवा, थेट अर्थ करून टाकू नका. रिले डायोड किंवा रेझिस्टन्सवाला घ्या. रिले सुटताना त्याच्या कॉइलमधून उलटा झटका येतो आणि तो ईसीयूच्या ट्रान्झिस्टरवर जातो.

पेट्रोल पंपाला वेगळा रिले, वेगळा फ्यूज. किल्ली ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद घूं करून थांबायला हवा, आणि इंजिन फिरायला लागलं की परत सुरू व्हायला हवा. काही गाड्यांत ‘रिले सारखा जातो’ म्हणून पंप थेट किल्लीवर जोडलेला असतो. हे करू नका, आणि कुणी केलेलं दिसलं तर तिथंच थांबवा. गाडी कुठं धडकली, इंजिन बंद पडलं आणि पेट्रोलची नळी फुटली, तर ईसीयूच्या ताब्यातला पंप आपोआप थांबतो. थेट जोडलेला पंप फुटक्या नळीतून गरम सायलेन्सरवर पेट्रोल फेकत राहतो.

पाऊस आणि चढ: दोष पाण्याचा नव्हता

आता ज्या दोषामुळं हे लिहायला घेतलं तो. जांबोटीकडच्या एका शेतकऱ्याची जिप्सी. त्यांचं म्हणणं: “अण्णा, ऊन असलं की काय पण न्हाई. पाऊस लागला आणि चढ आला की मरतंय बघा.” जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. तिथं पाणी वरून, खालून, बाजूनं सगळीकडून येतं. त्यामुळं आधीच्या गॅरेजनं पाण्याचाच माग काढला होता. प्लगच्या कॅप, कॉइल, सगळे सेन्सर बदललेले. ईसीयूला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, कपलरांवर, म्हणजे वायरी जोडायच्या सॉकेटांवर, सिलिकॉन थापलेलं. शेवटी ईसीयूही बदलला. तरी पाऊस लागला की तेच.

पाऊस लागला की ड्रायव्हर काय करतो, याचा विचार कुणी केला नव्हता. वायपर लावतो. काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर लावतो. धुक्यात हेडलाईट लावतो. दोन हेडलाईटचे नऊ-दहा अँपिअर, वायपरचे तीन-चार, ब्लोअरचे चार-पाच. सोळा-एकोणीस अँपिअरचा भार एकदम वाढतो, आणि हा सगळा करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायला वाट शोधतो.

जिप्सीत इथंच मेख आहे. ही गाडी म्हणजे एक तुकडा नाही, तीन तुकडे आहेत. चेसिस वेगळं, त्यावर रबरांवर ठेवलेली बॉडी वेगळी, आणि रबराच्या माउंटवर बसलेलं इंजिन वेगळं. रबरातून करंट जात नाही. कंपनीनं तिघांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्ट्या दिलेल्या असतात. इंजिन बदलताना त्या काढल्या जातात, चेसिसला छान जाड काळा रंग मारला जातो, आणि नंतर पट्टी त्याच रंगावर बोल्ट करून टाकली जाते. दिसायला घट्ट, करंटच्या हिशोबानं तुटलेली.

कोरड्या दिवशी दुकानातच उभ्या गाडीवर बघितलं. इंजिन चालू ठेवलं. मल्टिमीटर वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर, काळी पिन बॅटरीच्या मायनस पोलच्या शिशावर, क्लॅम्पवर नाही, कारण कधीकधी दोष पोल आणि क्लॅम्पच्या मधेच असतो. लाल पिन ईसीयूच्या काळ्या अर्थ वायरमध्ये, कपलरच्या मागून बारीक सुईनं. सगळं बंद असताना ०.२ व्होल्ट. हेही थोडं जास्तच, पण गाडी चालते. हेडलाईट लावली, ०.७. वायपर, १.० च्या वर. ब्लोअर फुल, १.४. चांगल्या गाडीत हा आकडा ०.१ च्या वर जाऊ नये. ईसीयू ज्याला शून्य समजतो तेच शून्य दीड व्होल्टनं वर उचललं गेलं होतं. मग हातानं फायरवॉलजवळचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचं) हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इंजिनाच्या बाजूला थोडं ओढलं, आणि गाडी फट्कन बंद पडली. आकाशात ढग नव्हता.

आत असं होतं. नव्या हार्नेसची अर्थ इंजिनावरच्या इनटेक मॅनिफोल्डवर बोल्ट होती, ते बरोबर. पण जोडणाऱ्यानं जास्तीची खात्री म्हणून त्याच वायरीला मधेच फाटा काढून बॉडीलाही जोडला होता. बॉडी ते चेसिसची पट्टी रंगावर बसलेली, म्हणजे निकामी. मग बॉडीवरचा सगळा करंट जाणार कुठून? त्या फाट्यातून, ईसीयूच्या सव्वा स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरीतून, मॅनिफोल्डवर, इंजिनातून चेसिसवर, तिथून बॅटरीला. गावातली सगळी वर्दळ एका बोळातून वळवावी तसं. फाट्याचा जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला होता. रोजच्या भारानं तो तापत गेला, तांबं काळं पडलं, टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता.

आणि चढ? खालच्या गिअरला जोर लावला की इंजिन माउंटवर एका बाजूला पिळतं. इंजिनाबरोबर हार्नेस ओढलं जायचं, पिळलेला जोड सुटल्यासारखा व्हायचा, आणि ईसीयूची अर्थ क्षणभर जायची. पावसानं भार वाढवला, चढानं जोड ओढला. दोन्ही एकत्र आल्याशिवाय दोष दिसतच नव्हता, म्हणून तो कुणाला दुकानात सापडत नव्हता.

काम असं केलं. तो फाटा कापून काढला. अर्थ वायर नवीन, जोडाशिवाय, ईसीयूपासून थेट मॅनिफोल्डपर्यंत. बॅटरी मायनसवरून तीन जाड केबल: एक इंजिनच्या ब्लॉकला, एक चेसिसला, एक बॉडीला. प्रत्येक ठिकाणी रंग खरवडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, आणि मग वरून ग्रीस. हार्नेसला फायरवॉलजवळ हातभर ढील ठेवली. सगळे लाईट, वायपर, ब्लोअर लावून परत मोजलं तेव्हा ०.०४ आलं. त्यांचा जुना ईसीयू पिशवीतून काढून लावला, तोही व्यवस्थित चालला. तो पहिल्यापासून चांगलाच होता.

अर्थ खराब आहे याच्या आणखी काही खुणा सांगून ठेवतो. हेडलाईट लावली की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. इंडिकेटरच्या तालावर आयडल हलतं. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते किंवा काही महिन्यांत जड होते. शेवटची खूण दिसली तर थांबू नका, कारण इंजिनाला बॅटरीकडं जायला दुसरी वाट नसल्यामुळं सेल्फचा करंट त्या केबलमधून चाललेला असतो, आणि घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच अडकला तर काय होईल ते सांगायला नको.

सेल्फची अर्थही अशीच बघायची: काळी पिन बॅटरी मायनसच्या पोलवर, लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर कुठंतरी कोऱ्या धातूवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर केबल किंवा तिच्या टोकाची कडी (लग) बदला. ओममध्ये मोजून काही कळत नाही. दहा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्य ओम दाखवतो. भार टाकून व्होल्ट मोजले तरच खरं कळतं.

मधेच बंद पडते आणि आपोआप चालू होते

याला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे मिस्त्रीकडं येईपर्यंत ती चालू झालेली असते. म्हणून बंद पडल्या क्षणी तिथंच, रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं. पहिली खूण डॅशवरच असते, फक्त चेक इंजिनचा दिवा जोडलेला हवा. इंजिन बदलताना हा दिवा बरेच जण जोडतच नाहीत, ‘उगाच पेटून राहतो’ म्हणून. तो जोडा. एक टोक इग्निशनच्या फीडवर, दुसरं ईसीयूला. इंजिन मेलं आणि किल्ली ऑनच आहे, तेव्हा हा दिवा पेटलेला असेल तर ईसीयू जिवंत आहे. मग पंप, पंपाचा रिले आणि कॅम-क्रँक सेन्सरकडं (इंजिन फिरतंय आणि कुठं आहे ते ईसीयूला सांगणाऱ्या) वळा. दिवा विझलेला असेल तर ईसीयूचीच फीड किंवा अर्थ गेलेली आहे, सेन्सरला हात लावू नका.

दोष हट्टी असेल तर मी डॅशखाली तात्पुरते दोन छोटे बल्ब टांगतो. एक मेन रिलेच्या ८७ वर, एक पंपाच्या वायरवर. मालकाला सांगतो, आठवडाभर चालवा, बंद पडली की कुठला विझला तेवढं बघा. मिस्त्रीचा दिवसभराचा अंदाज त्या एका नजरेत निकाली निघतो.

गरम झाल्यावरच मरते आणि चेक इंजिनचा दिवा पेटलेला असतो, तर कॅम-क्रँक सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. पण आधी त्याच्या वायरी बघा. हार्नेस एका गाडीतलं आणि इंजिन दुसऱ्या पद्धतीनं बसवलेलं, असं असेल तर वायरी वाढवलेल्या असतात. आडव्या इंजिनाच्या एस्टीमचं हार्नेस उभ्या इंजिनाच्या जिप्सीत घातलं की हे हमखास होतं. सेन्सरची वायर प्लगच्या वायरीपासून आणि अल्टरनेटरपासून लांब न्या. शील्डवाली वायर असेल तर शील्ड एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर तीच गोंगाट गोळा करते.

पंपाचंही एक सांगतो, कारण हे वायरिंगच्या दोषासारखंच दिसतं. जुन्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो, म्हणून चेसिसला बाहेरून पंप लावला जातो. हा पंप ढकलायला चांगला, ओढायला वाईट. टाकीच्या पातळीच्या वर किंवा सायलेन्सरजवळ लावला, तर उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होते आणि घाटात दम तोडतो. प्रेशर गेज लावून बघा, इंजिन बंद असताना पंप चालवला तर साधारण ३ बार यायला हवं. पंप खाली, गार जागी, आणि जादा पेट्रोल परत जायची नळी टाकीपर्यंत पूर्ण.

चार्जिंग आणि बाकीचे खोडकर दोष

किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं, किंवा दोन-चार सेकंद रेटून बंद होतं. हा अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या वायरीतून उलटा करंट येण्याचा प्रकार. मधला दिवा काढून वायर थेट इग्निशनला जोडली की असं होतं. त्या वायरीत दिवा हवाच, आणि तो साधा फिलामेंटचा बल्ब हवा. हल्ली डॅशला एलईडी लावायची हौस आहे. एलईडीतून जाणारा करंट इतका कमी असतो की काही अल्टरनेटर जागाच होत नाही, एकदा जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. रात्री निपाणीपर्यंत हेडलाईटवर जाऊन बॅटरी बसली, असं सांगणारे बऱ्याचदा या एलईडीचे बळी असतात. दोन वॉटचा साधा बल्ब लावा. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं की चार्जिंग ठीक.

पेट्रोल जास्त पिते, काळा धूर मारते, गरम असताना चोक लावल्यासारखी चालते: टेंपरेचरचा सेन्सर बघा, आणि विशेषतः त्याला कुणी डॅशचा काटा जोडलाय का ते बघा. काट्याचा सेंडर एका वायरीचा, ईसीयूचा दोन वायरींचा, दोन्ही वेगळे. एकाच सेन्सरवर दोन्ही जोडले की काटाही खोटा आणि ईसीयूही फसलेला. सुझुकीच्या त्या दोन वायरींच्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना सुमारे अडीच किलोओम आणि ८० अंशांना ०.३ किलोओमच्या आसपास असतो. उकळतं पाणी आणि थर्मामीटर घेऊन घरी तपासता येतो.

एकदा पेटते आणि एका सेकंदात मरते, दर वेळी तसंच, चेक इंजिनचा किंवा किल्लीचा दिवा लखलखतो: इमोबिलायझर, म्हणजे परक्या किल्लीला इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. भंगारातून इंजिन घेताना ईसीयूबरोबर इमोबिलायझरचा डबा, किल्लीभोवतीची रिंग आणि त्याच गाडीची किल्ली, सगळं एकत्र घ्या. नंतर शोधत बसलात तर मिळत नाही.

थांबायला आल्यावर, क्लच दाबला की बंद पडते: गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर ईसीयूला जोडलाय का बघा. काही ईसीयूंना गाडी चालतीय की उभी हे कळलं नाही तर आयडल नीट धरत नाहीत.

जुन्या सुझुकी ईसीयूला स्कॅनर लागत नसेल तरी कोड वाचता येतात. डायग्नोसिस कपलरचं ठरलेलं टोक अर्थ केलं की चेक इंजिनचा दिवा बोलायला लागतो. एक लखलख, थोडा विराम, दोन लखलख म्हणजे १२. हा दोषाचा कोड नाही, सगळं ठीक असल्याचा आहे. ‘बारा नंबरचा फॉल्ट आलाय’ म्हणून सेन्सर विकत घ्यायला पळू नका.

जोड आणि पाणी

खानापूरच्या पश्चिमेकडं गाडी चालवणाऱ्यांनी हे नीट करावंच. पिळून टेप मारलेला जोड चालणार नाही. वायर नीट क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडा, योग्य पकडीनं, पक्कड-हातोड्यानं नाही, आणि त्यावर आतून डिंक असलेली हीटश्रिंक नळी. सोल्डर केलात तर जोडाजवळ वायर क्लिपनं बांधा, नाहीतर सोल्डर संपतं तिथंच हादऱ्यानं तुटते. रिले आणि फ्यूजचा डबा बॉनेटखाली असेल तर पिना खाली तोंड करून लावा. हार्नेस फायरवॉलमधून आत जाण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर जायला हवं, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, ईसीयूच्या कपलरमध्ये जात नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कपलरमध्ये भरू नका, त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. चार महिन्यांनी उघडाल तेव्हा आत हिरवी पावडर मिळेल.

कागद

हे वायरिंगचं नाही, पण आपली गाडी सीमेवरची. सकाळी कागलला, दुपारी संकेश्वरला. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळायला हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीत बदल करायचा तर नोंदणी जिथली आहे त्या आरटीओची परवानगी लागते. केए-२२ ची बेळगावात, केए-२३ ची चिकोडीत, एमएच-०९ ची कोल्हापुरात. इंजिन घेण्याआधी तिथं जाऊन काय चालेल ते विचारा, आणि इंजिनाचं बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद जपून ठेवा. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणीला गाडी नेली की तिथं नंबर बघतातच. विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाल्यावर न जुळणारा नंबर निघाला तर दावा अडतो.

आणि फॅब्रिकेशनवाल्याकडं बंपर, हुक किंवा रोलबार वेल्ड करायला गाडी नेलीत, तर वेल्डिंग सुरू होण्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, ईसीयूचा कपलर सोडा, आणि वेल्डिंगची अर्थ ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यालाच, वेल्डच्या जवळ लावायला सांगा. चेसिसवर काम आणि अर्थ बॉडीला, असं केलं तर वेल्डिंगचा करंट तुम्ही नीट घातलेल्या त्याच अर्थ केबलांतून वाट काढतो.